नागपुरात लहान मुलीला प्राणी दाखवायचे आहेत, पण पिंजऱ्यातला वाघ पाहवत नाही. महाराजबागेत न्यावं की गोरेवाड्याला?

गोरेवाड्याला न्या. मीही माझ्या मुलाला याच कारणासाठी तिथे नेलं.

महाराजबाग बर्डीजवळ (सीताबर्डी), भोसल्यांच्या काळातली बाग, आता कृषी विद्यापीठाकडे आहे. झाडं सुंदर आहेत, संध्याकाळी फिरायला जरूर जा. पण जागा शहराच्या मधोमध अडकलेली, त्यामुळे प्राणी पिंजऱ्यातच.

गोरेवाडा काटोल रोडकडे. तलावालगतच्या जंगलात 26 जानेवारी 2021 ला इंडियन सफारी सुरू झाली. तिथे बंद बसमध्ये आपण असतो आणि वाघ, बिबट, अस्वल बाहेर मोकळे. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हा वाघ झोपूनच राहिला. याला जंगलात का नाही सोडत?" या प्रश्नाची तयारी घरूनच करून जा. शेजारीच रेस्क्यू सेंटर आहे. विदर्भात विहिरीत पडलेला बिबट, गावात शिरलेला वाघ, शेतात आईपासून ताटातूट झालेली पिल्लं अशा जनावरांना तिथे आणतात. जे बरे होऊन जगू शकतात ते जंगलात परततात, बाकीच्यांतले काही सफारीत येतात. पण शिकार आई शिकवते, जवळपास दोन वर्षं. माणसाच्या हातून मांस खाऊन वाढलेल्या पिल्लाला सोडलं तर ते उपाशी मरेल, नाहीतर गोठ्याकडे वळेल. मुलांना हे नीट कळतं. माझा मुलगा त्यानंतर बराच वेळ काचेला नाक लावून गप्प बसला होता. रेस्क्यू सेंटर मात्र बघायला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. जखमी जनावराला गर्दी कशाला?

सकाळची पहिली बस धरा. आपल्याकडचं ऊन चढलं की जनावरं सावली सोडत नाहीत. सोमवारी बंद असतं. बसमध्ये कुणी काच वाजवून वाघाला उठवू लागलं तर थांबवा, मी थांबवतो. प्राणिसंग्रहालयात जनावराला डिवचणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे, हेही मुलीला सांगा. संक्रांतीला नायलॉन मांज्याने पंख कापलेले पक्षी तिथे येतात. असा पक्षी दिसला तर 1926 वर फोन करायचा. माझ्या मुलाने हा नंबर दप्तराच्या आत लिहून ठेवलाय.