यंदा तू बाळंतीण आहेस, यजमानीण नव्हे

प्रिय पोरी,

फोनवर तू नुसती "हो मावशी, हो मावशी" करतेस, म्हणून लिहूनच पाठवते. चतुर्थीला बाळ जेमतेम दहा आठवड्यांचं असेल. घरात पाच दिवसांचा गणपती, मुंबईहून येणारी वीसेक माणसं, आणि तू आत्तापासून मोदकांचे नारळ मोजतेस. ते काम जावेकडे दे.

आधी खोलीचं बघ. माजघरामागची खोली तुम्हा दोघांची, तिथे चाकरमान्यांच्या बॅगा नकोत. आपल्या आरत्या तासभर चालतात. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात बाळ ओटीवर नको, दाराआड झोपू दे. ऊद, कापूर, धुरीची शेगडी यांतलं काहीच त्याच्या जवळ नको. भाद्रपदात लंगोट सुकत नाहीत हे मला कळतं. निखाऱ्यावर वाळवायचे तर मागच्या पडवीत वाळव. मच्छरदाणी मात्र दिवसाही.

आता माणसांचं. रात्रभर रेल्वेच्या डब्यात चेंगरून कणकवलीला उतरलेला माणूस मायेनेच धावत येतो. "हाड गो हयसर, बघूंया कोणासारखो दिसता!" आधी साबणाने हात, मग बाळ. पापे नाहीत. सर्दी-खोकला असेल त्याने दारातूनच बघायचं. पण हे तू सांगायचं नाहीस. सुनेने सांगितलं तर "शिकल्याचा माज" होतो, सासूबाईंनी सांगितलं की घरची शिस्त होते. आजच त्यांच्याजवळ बसून बोल. त्या तोंडाने फटकळ आहेत, यंदा त्याचा उपयोग होऊ दे.

माझ्या थोरल्याच्या वेळी मी आत मोदक वळत होते आणि तो ओटीवर हातोहात फिरत होता. परत आला तेव्हा ओठ चिकट. कुणीतरी भक्तिभावाने पंचामृताचं बोट लावलं होतं. काही झालं नाही, नशीब. मलाही तेव्हा कुठे ठाऊक होतं! पुढे उपकेंद्रात नर्स म्हणून लागले तेव्हा समजलं. पंचामृतात मध असतोच, आणि मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात, आणि बाळ लुळं पडू शकतं. तेव्हा तीर्थ तू घे, बाळाच्या कपाळाला देवावरची दूर्वा लाव. कुणाचं मन मोडत नाही. घुटीही नको, पाणीही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

त्याला भूक लागली की आरती अर्धी टाकून ऊठ. तासभर भजनाला बसायचं असेल तर दूध काढून झाकून ठेव. बाहेर ठेवलेलं चार तासांच्या आत, आपल्या उकाड्यात त्याहून लवकर संपव. फुगडी यंदा नुसती बघ. मोदक मात्र तुपासकट खा, ऋषीची भाजीही खा. "बाळंतिणीला वातूळ गो" म्हणणाऱ्या तिघी तरी भेटतील, त्यांना हसून वाढ.

दहा आठवड्यांची लस नेमकी सणाच्या दिवसांत येतेय. लसीकरणाचा वार आशाताईंना आत्ताच विचारून कॅलेंडरवर लिही, नाहीतर विसर्जनापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर गौर जाऊ दे, गणपती जाऊ दे म्हणत थांबायचं नाही. सरळ डॉक्टर. रात्री गाडी मिळाली नाही तर 108.

शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय. थर्मामीटर आणते, आणि माझं एक जुनं सुती लुगडं. धुऊन धुऊन मऊ झालंय, काठ उसवून ठेवलेत. बसून दोघी लंगोट फाडू.

तुझी,
मावशी