अहल्या की अहिल्या?

प्रश्न : मुलीचं नाव अहिल्या ठेवायचं ठरलंय. सासूबाई म्हणतात, खरं नाव 'अहल्या'. अर्थ काय आणि दाखल्यावर कोणतं लिहावं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. मूळ संस्कृत रूप अहल्या, गौतम ऋषींची पत्नी. 'हल' म्हणजे नांगर. त्यावरून अहल्या म्हणजे नांगर न लागलेली भूमी. रामायणाच्या उत्तरकांडात मात्र 'हल'चा अर्थ कुरूपता असा दिला आहे. म्हणजे जिच्यात जराही कुरूपता नाही ती. आम्हाला नांगराचा अर्थ अधिक साधा वाटतो. मधला 'हि' बोलण्यातून आलेला, पण त्याला आता चूक म्हणता येत नाही. १७६७ ते १७९५ महेश्वरहून राज्य केलेल्या होळकरांच्या अहिल्याबाई याच रूपाने ओळखल्या जातात, आणि तुमच्या शहरातलं विद्यापीठही 'देवी अहिल्या'च. तेव्हा खुशाल अहिल्या लिहा.

लाडानं 'अहि' म्हणू नका, एवढंच. संस्कृतात अहि म्हणजे साप!

गोंधळ होतो तो इंग्रजी स्पेलिंगचा. कुणी 'एच'नंतर 'आय' लिहितं, कुणी 'ए', कुणी शेवटी दोन 'ए'. जन्मदाखल्यावर जे पडेल तेच आधार, शाळा, पासपोर्टवर जातं, म्हणून अर्जात एकेक अक्षर सुटं लिहून द्या आणि दाखला हातात घेताच तिथेच वाचा. नाव न घालता नोंद झाली असेल तर १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.