को-फाउंडर निवडताना: आधी काम, मग कागद, मग शेअर

प्रश्न: आम्ही दोघं कॉलेजपासूनचे मित्र. इचलकरंजीतल्या यंत्रमाग कारखानदारांसाठी, कोणता माग किती वेळ बंद राहिला हे मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा करायची आहे. मी मेकॅनिकलचा, तो सॉफ्टवेअरचा. आधी कंपनी काढावी का?

आधी काम करा. आठ आठवडे ठरवा आणि एकाच कारखान्यातले दहा माग घ्या. मित्र म्हणून तुम्ही एकमेकांना ओळखता, पण तक्रार आल्यावर तो कसा वागतो हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही. रात्रपाळीतून जॉबरचा (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा) फोन येईल, 'माग चालू आहे आणि तुमच्या ॲपात बंद दिसतोय.' सेन्सर हलला, वायफाय गेलं की हिशेबात चूक आहे? अशा वेळी मित्र स्वतः कारखान्यात जाऊन बघतो, की 'हार्डवेअर तुझं' म्हणून फोन तुमच्याकडे वळवतो, याची नोंद ठेवा. माग धागा तुटून थांबला, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपून थांबला की वीज गेल्यामुळे, हा फरक ॲपात दिसायला हवा असं तो आपणहून म्हणाला, तर ती फार चांगली खूण आहे.

चौथ्या आठवड्यात पैशाचं बोला. घरखर्चाला महिन्याला किमान किती लागतात, कर्जाचे हप्ते किती, पगाराशिवाय किती महिने निघतील, हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग अदलाबदल करा. एकाचे अठरा महिने आणि दुसऱ्याचे पाच निघाले, तर सहाव्या महिन्यात एक जण मिळेल ते काम घ्या म्हणेल आणि दुसरा यंत्रणाच पुरी करू म्हणेल. बरीच भांडणं इथे सुरू होतात आणि दोघांनाही ती स्वभावाची वाटतात. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्याशीही जरूर बोला. बरोबरीच्या मित्रांकडून कळत नाही ते तिथे कळतं.

प्रश्न: पुण्यात आहे. कल्पना माझी, आठ लाख माझे. जोडीदार पहिले सहा महिने नोकरी सांभाळून काम करणार आणि निम्मे शेअर मागतोय. द्यावेत का?

आज एकरकमी देऊ नका. पैसा आणि श्रम यांचे हिशेब वेगळे ठेवा. आठ लाखांतली मोठी रक्कम तुम्ही संचालक म्हणून कंपनीला कर्जाऊ देऊ शकता. ती तुम्ही दुसरीकडून कर्ज काढून आणलेली नाही, असं लेखी निवेदन कंपनीला द्यावं लागतं. मग शेअरची वाटणी पुढच्या चार वर्षांच्या कामावर करता येते. नुसत्या कल्पनेसाठी मोठा वाटा मागू नका, हेही तुम्हाला सांगायला हवं.

शेअर व्हेस्टिंगने, म्हणजे काम केलेल्या मुदतीप्रमाणे हळूहळू त्याचे होतील असे द्या: मुदत चार वर्षं, पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत गेला तर काहीच नाही), पुढे दरमहा अठ्ठेचाळीसावा भाग. समजा एकूण शेअर 10,000, दर्शनी किंमत 10 रुपये आणि त्याचा वाटा 4,000. अठरा महिन्यांनी तो गेला तर 1,500 त्याचे. उरलेले 2,500 दर्शनी किमतीने, म्हणजे 25,000 रुपयांत तुम्ही घेणार. सातव्या महिन्यात गेला तर सगळेच परत. घड्याळ मात्र त्याने नोकरी सोडली त्या दिवसापासून चालू करा. आणि हीच अट तुमच्या शेअरलाही लावा, नाहीतर तो सही का करेल?

इथे दोन ठिकाणी चूक होते. हे कलम फक्त भागधारक करारात असतं, कंपनीच्या आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) नसतं. शेअर हस्तांतरावरची बंधनं आर्टिकल्समध्ये नसतील तर ती कंपनीवर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटलं आहे. दुसरं, शेअर परत घेताना त्यांचं योग्य मूल्य दर्शनी किमतीहून बरंच जास्त निघालं तर फरकावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागू शकतो. सीएंना आधीच विचारा. त्याचं नोकरीचं करारपत्रही वाचा. नोकरीच्या काळात केलेलं काम मालकाचं, असं कलम त्यात असेल तर सहा महिन्यांचं कोड अडचणीत येईल.

प्रश्न: दोन संचालक लागतात म्हणून पत्नीचं नाव घातलं तर?

कायद्याने चालतं. पण नावापुरती असली तरी संचालकाच्या जबाबदाऱ्या तिच्यावर येतात, तेव्हा तिला ते समजावून मगच सही घ्या. एकट्यानेच चालवायचं असेल तर एकल व्यक्ती कंपनीचाही पर्याय आहे.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. माझा को-फाउंडर सात महिन्यांत निघून गेला. 30 टक्के शेअर त्याच्या नावावर, कोड त्याच्या खासगी खात्यात, करार काहीच नाही. त्याला काढता येईल का?

संचालकपदावरून काढता येईल; विशेष सूचना देऊन, त्याचं म्हणणं ऐकून, साध्या बहुमताने. पण शेअर त्याचेच राहतील, आणि इथेच खरी अडचण आहे. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात. तुमची 70, त्याची 30, लागणार 90. नव्या गुंतवणूकदाराला शेअर द्यायलाही असा ठराव लागतो, म्हणजे तो ते अडवू शकतो.

म्हणून आधी वाटाघाट, नोटीस नंतर. डोमेन, क्लाउड, बँक यांची खाती कोणाच्या ईमेलवर आहेत ते आजच तपासा आणि कंपनीच्या ताब्यात येतील ती घ्या. सात महिन्यांच्या कामाचा मान म्हणून 4-5 टक्के त्याच्याकडे ठेवायची तयारी दाखवा आणि त्याच कागदावर कोडचे हक्क कंपनीला लिहून घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनी नोंदवण्याआधीचं कोडही नाव घेऊन त्यात घाला. 'दोन वर्षं स्पर्धा करणार नाही' असं कलम घालून निश्चिंत होऊ नका. करार कायद्याच्या कलम 27 मुळे ते सहसा टिकत नाही. भर गुप्ततेच्या कलमावर द्या. शेअर हस्तांतराच्या फॉर्मवरची सही आणि कोडचा ताबा एकाच बैठकीत घ्या, रक्कमही त्याच वेळी द्या.