यू आकाराचा वक्र अन्वस्त आहे की नाही, हे कसे ओळखावे?

कागदावर काढलेला यू आकाराचा वक्र अन्वस्तच (पॅराबोला) आहे हे समीकरण हाती नसताना कसे ओळखावे, आणि काही अन्वस्त अरुंद तर काही पसरट का दिसतात, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्यातली खरी अडचण त्यातूनच लक्षात येते. सर्व वर्तुळे जशी एकमेकांशी समरूप असतात तसेच सर्व अन्वस्तही समरूप असतात; य = ४क्ष² हा ‘अरुंद’ वक्र चौपट मोठा केला की तो य = क्ष² या वक्राशी तंतोतंत जुळतो. त्याच एका आकाराचा किती भाग आपण किती जवळून पाहतो, एवढ्यावरच हा अरुंदपणा अवलंबून असतो. त्यामुळे नुसत्या दिसण्यावर विसंबू नये. टांगलेल्या साखळीचा वक्र अन्वस्ताच्या फार जवळ जातो असे गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहिले होते. तो अन्वस्त नव्हे, हे १६४६ मध्ये अवघ्या सतरा वर्षांच्या हायगेन्स या डच गणितज्ञाने दाखवून दिले.

नाभी हा स्थिर बिंदू आणि नियामिका ही स्थिर रेषा यांपासून समान अंतरावर असणाऱ्या बिंदूंचा वक्र म्हणजे अन्वस्त, ही व्याख्या आपल्याला ठाऊक असेलच. मात्र कागदावर नाभी किंवा नियामिका कोणी दाखवून ठेवलेली नसते, ती शोधावी लागते. त्यासाठी वक्राच्या दोन समांतर जीवा (वक्रावरचे दोन बिंदू जोडणारे रेषाखंड) काढून त्यांचे मध्यबिंदू जोडावेत. मग वेगळ्या दिशेच्या दोन समांतर जीवा घेऊन तेच पुन्हा करावे. वक्र अन्वस्त असेल तर मध्यबिंदूंच्या या दोन्ही रेषा परस्परांना आणि अक्षालाही (वक्राचे दोन सारखे भाग करणाऱ्या मधल्या रेषेलाही) समांतर येतात, तर लंबवर्तुळात किंवा अपास्तात (हायपरबोलात) त्या केंद्रात छेदतात. माझ्या मते हीच सर्वांत सोपी चाचणी आहे.

आता या रेषांना लंब अशी एक जीवा काढून तिच्या मध्यबिंदूतून त्या रेषांना समांतर रेषा काढली की अक्ष मिळतो, आणि अक्ष वक्राला छेदतो तो शिरोबिंदू होय. शिरोबिंदूतून अशी तिरपी रेषा काढावी की अक्षाच्या दिशेने १ एकक पुढे जाताना ती अक्षापासून २ एकके दूर जाईल. ती वक्राला पुन्हा जिथे छेदते तिथून अक्षावर टाकलेला लंब नाभीतच उतरतो. नियामिका शिरोबिंदूच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, अक्षाला लंब असते. यानंतर वक्रावरच्या बिंदूंची नाभीपासूनची आणि नियामिकेपासूनची अंतरे समान येतात का, हे मोजून पाहावे, मात्र शिरोबिंदूपासून दूरचे बिंदू घ्यावेत, कारण शिरोबिंदूजवळ साखळीचा वक्रही अन्वस्तासारखाच भासतो.

गुणधर्म समजून घ्यायचा असेल तर कागदाच्या सरळ कडेजवळ एक बिंदू काढून, कडेवरचे वेगवेगळे बिंदू त्याच्यावर टेकतील अशा बऱ्याच घड्या घालाव्यात. प्रत्येक घडी ही ज्या अन्वस्ताची नाभी तो बिंदू आणि नियामिका ती कड आहे, त्याची स्पर्शिका असते. घडीमुळे कडेवरचा बिंदू नाभीवर येतो, म्हणून स्पर्शबिंदूतून नाभीकडे जाणारी रेषा आणि कडेवर टाकलेला लंब यांच्यातला कोन ती स्पर्शिका दुभागते. अक्षाला समांतर येणारा किरण परावर्तित होऊन नाभीतूनच जातो, याचे कारण हेच.