जांघेतील दुखणे आणि ‘नॉर्मल’ एक्स-रे

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय ३६ वर्षे असून चार महिन्यांपासून त्याची उजवी जांघ दुखते. कळ कधी गुडघ्यापर्यंत उतरते आणि त्याला आता मांडी घालून बसता येत नाही. वजन ८४ किलो आहे. एक्स-रे ‘नॉर्मल’ आल्यामुळे घरात सगळे वजनालाच दोष देतात. दोन वर्षांपूर्वी त्वचेच्या आजारासाठी त्याने सुमारे आठ महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांचा या दुखण्याशी संबंध असेल का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : असू शकतो, आणि तुमच्या पत्रातील हीच माहिती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात, आणि त्यांचा पुरवठा तुटला तर रक्ताला दुसरी वाट फारशी उरत नाही. मग हाडाचा तेवढा भाग मृत होतो आणि शरीराचा भार पेलता पेलता माथा हळूहळू खचतो. या विकाराला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात एव्हीएन, म्हणतात. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान आढळतो, म्हणजे ज्या वयात सांधे झिजल्याची शंकाही कोणाला येत नाही.

जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि अतिमद्यपान ही त्याची प्रमुख कारणे होत. दुखणे गोळ्या बंद झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकते. खुब्याचे जुने फ्रॅक्चर किंवा निखळलेला सांधा हेही कारण ठरते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारातही हाडाचा रक्तपुरवठा अडतो; म्हणून भावाची ती तपासणी झालेली नसेल, तर डॉक्टरांना तिच्याविषयी अवश्य विचारावे.

वजनाचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. वाढते वय, लठ्ठपणा, जुनी दुखापत आणि लहानपणी झालेले खुब्याचे आजार यांमुळे सांधा लवकर झिजतो. परंतु छत्तिसाव्या वर्षी जांघ दुखत असताना आणि स्टेरॉइड घेतल्याचा इतिहास असताना केवळ वजनावर बोट ठेवून थांबणे मला धोक्याचे वाटते.

एव्हीएनच्या सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तर एमआरआयमध्ये बदल लवकर कळतात. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांना गोळ्यांचे नाव, मात्रा आणि कालावधी लिहून दाखवावा, आणि एमआरआय करायचा ठरल्यास दोन्ही खुब्यांचा करावा, कारण हा विकार अनेकदा दुसऱ्या बाजूलाही असतो. माथा खचण्यापूर्वी निदान झाले, तर तो वाचवण्याचे उपाय हाती असतात. खचल्यानंतर बहुतेकदा सांधा बदलण्याचाच विचार करावा लागतो. भाऊ अजूनही स्टेरॉइड घेत असेल, तर या भीतीने ते मनाने एकदम बंद करू नये. त्यातून जिवावर बेतू शकते.

निदान होईपर्यंत धावणे, उड्या मारणे, जड ओझे उचलणे आणि खुब्याला झटके देऊन केलेले मालीश टाळावे. चालताना काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध, म्हणजे डाव्या हातात धरावी. त्यामुळे उजव्या खुब्यावरील भार कमी होतो.