वाचकांचे प्रश्न : ‘के’, ‘एम’ आणि आपले लाख-कोटी

प्रश्न : मुलाला जर्मनीतून नोकरीची ऑफर आली आहे. पगार ‘६०के युरो’ लिहिलाय. कंपनीच्या अमेरिकी शाखेच्या ताळेबंदात ‘एम’ही आहे आणि ‘एमएम’ही. हे लाख-कोटीत कसं बसवायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘के’ म्हणजे किलो, हजार. ६०के म्हणजे ६० हजार युरो. तिकडे पगार बहुधा वर्षाचा आणि कर कापण्याआधीचा सांगतात, तेवढं विचारून घ्या.

खरी मेख ‘एम’मध्ये आहे. एरवी तो मिलियन, म्हणजे १० लाख. पण अमेरिकी बँकिंगमध्ये आणि तेल-वायूच्या धंद्यात रोमन आकड्यांच्या चालीने ‘एम’ म्हणजे हजार आणि ‘एमएम’ म्हणजे हजार गुणिले हजार असंही लिहितात. त्यामुळे ‘२५०एम’ डॉलर एकाला २५ कोटी वाटतात, दुसऱ्याला अडीच लाख. कागदावर कुठेही ‘एमएम’ दिसलं की एकट्या ‘एम’बद्दल शंका घ्या. तक्त्याच्या डोक्यावर ‘आकडे हजारांत’ अशी बारीक ओळ असते, ती आधी वाचा. अमेरिकन बोलण्यातला ‘५जी’ म्हणजेही गिगा (अब्ज) नव्हे. नुसते ५ हजार डॉलर.

किलो, मेगा, गिगा तीन-तीन शून्यांनी चढतात. लाखाला ५ शून्यं, कोटीला ७, म्हणून आपल्या मापाला उपसर्गच नाही. मिलियनला १०ने गुणलं की लाख, १०ने भागलं की कोटी. ३.४ मिलियन म्हणजे ३४ लाख किंवा ०.३४ कोटी. गुणायचं तिथे भागलं जातं, म्हणून एकदा सगळी शून्यं लिहून बघावीत. बिलियन म्हणजे १०० कोटी; मात्र जर्मन मजकुरातला ‘बिलियोन’ लाख कोटींचा असतो!

प्रश्न : एक्सेलमध्ये ‘१२के’ टाकलं की बेरीज चुकते. का?
– एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : ‘१२के’ हा एक्सेलच्या लेखी मजकूर आहे, बेरजेचं सूत्र तो गुपचूप वगळतं. एररही दाखवत नाही, हेच वाईट. रकान्यात १२००० असंच भरा आणि कस्टम फॉरमॅटमध्ये शून्यानंतर एक स्वल्पविराम द्या; दिसेल १२, आत राहतील १२०००. दोन स्वल्पविरामांनी मिलियन दिसतात. लाखासाठी ही युक्ती चालत नाही. शेजारच्या रकान्यात १,००,०००ने भागा.

चेकवर मात्र ‘के’ नको. आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार अक्षरी रक्कम धरतात.