डिसेंबरात घामोळं

“बाळाचे हात गार पडतात हो मॅडम. झोपवू तरी कसं?” मी साताऱ्यात समुपदेशन करते आणि थंडीच्या दिवसांत नव्या आयांकडून हे इतक्यांदा ऐकते की वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं कळतं. पुढे सासूबाई येतात, त्यांच्यामागून कुंची येते आणि शेवटी ‘मला घरात कुणी विचारतच नाही’ हे येतं. जवळजवळ प्रत्येकीला माझ्याकडून निकाल हवा असतो, की दोघींत बरोबर कोण. तो मी देत नाही. का देत नाही, ते एका आईच्या अनुभवातून सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ती माहेरची सांगलीची. बाळंतपण तिकडेच झालं आणि बाळाला घेऊन ती साताऱ्याला आली तेव्हा थंडी नुकती पडू लागली होती. बाळ तीन महिन्यांचं. मानेला आणि काखेत बारीक लाल पुरळ उठलं म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले घामोळं आहे. “डिसेंबरात घामोळं! सांगलीत मे महिन्यात होतं ते,” ती चिडून म्हणाली. मग तिने बाळाच्या अंगावरचे कपडे मोजून दाखवले. आत बंडी, वर झबलं, त्यावर लोकरी स्वेटर, हातमोजे, पायमोजे, टोपडं, टोपड्यावर कुंची, दुपट्यात घट्ट गुंडाळी आणि सगळ्यावर गोधडी. सगळा दोष सासूबाईंचा.

पहिली काही सत्रं याच तक्रारीत गेली. ती रात्रभर झोपत नाही, सारखी उठून बाळाला चाचपते, हे मात्र ती जाता जाता सांगायची, जणू त्याचा या भांडणाशी संबंधच नाही. माझं लक्ष तिथेच अडकलं होतं.

“सासूबाई किती वाजता झोपतात?”

“नऊलाच.”

“मग त्यांनी घातलेलं तसंच राहतं?”

“छे! त्या झोपल्या की मी स्वेटर, मोजे, कुंची, सगळं काढते.”

“मग पहाटे बाळ घामाने भिजलेलं असतं, ते कशानं?”

ती बोलेना. अशा वेळी समोरच्याच्या तोंडात उत्तर घालायचा मोह फार होतो. तो आवरणं मला आता जमतं, हे जरा अभिमानानेच सांगते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मीच घालते परत. दोन वाजता हात गार लागतो, मग एक दुपटं टाकते. तीनला पुन्हा बघते. मग गोधडी.”

“हात गार लागला की मनात काय येतं?”

“बाळाला काही झालं तर मी काय सांगू?”

“कुणाला?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, “सगळ्यांना.”

माझ्या लेखी या केसचा उलगडा इथेच झाला. दुपटी बाळाच्या अंगावर चढत होती, पण ती पांघरत होती स्वतःची भीती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते, त्यामुळे माणूस स्वतःवर कुठला ‘च’, म्हणजे ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट, लादतो हे मी आधी शोधते. हिचा होता, ‘बाळाला जराही गारवा लागताच कामा नये, लागला तर मी आई म्हणून नापास.’ असा नियम घातला की कितीही कपडे अपुरेच पडणार. त्याच्या जागी आम्ही दुसरं वाक्य घडवलं: ‘बाळ उबदार असावं असं मला वाटतं. ते उबदार आहे की नाही हे तपासता येतं, आणि तपासून झालं की मी झोपू शकते.’

पण तपासायचं कुठे? सगळा घोळ इथे आहे. तान्ह्या बाळाच्या हातापायांकडचं रक्ताभिसरण पुरतं बसलेलं नसतं, त्यामुळे अंग छान उबदार असतानाही तळहात-तळपाय गार लागतात. हात लावायचा तो मानेच्या मागे किंवा छातीवर. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर बाळ ठीक. घाम लागला, अंग तापलेलं वाटलं तर एक कपडा कमी. छाती-पोटही गार लागलं तर बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरायचं, आणि तरीही ऊब येत नसेल किंवा बाळ मलूल असेल तर डॉक्टरांकडे न्यायचं. कपड्यांचा हिशेब सोपा आहे. त्या खोलीत आपल्याला जेवढे कपडे पुरतात, त्याहून फार तर एक थर जास्त.

झोपताना टोपडं मात्र नको. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. डोकं झाकलं की ती वाट बंद होते, शिवाय टोपडं घसरून नाकातोंडावर येऊ शकतं. झोपेत अचानक दगावण्याचा जो दुर्मीळ धोका असतो, तो दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त, आणि अंग फार तापणं, पालथं झोपवणं, सैल पांघरुणं यांनी तो वाढतो. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. म्हणून उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आपल्याच खोलीत पण स्वतंत्र जागेवर. जवळ गोधडी नको आणि डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशीही नको. थंडी फार असेल तर सैल दुपट्याऐवजी बिनबाह्यांची झोपपिशवी घालावी, गळ्याला नीट बसणारी.

हे तिला सांगणं सोपं होतं. सासूबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं. त्या मेढ्याकडच्या.

“आमच्या घराला कौलं व्हती ताई. पावसात भिंती वलावायच्या, सगळीकडनं वारं. तवा कुंची नसती घातली तर पोरं जगली असती का?”

“नसती जगली,” मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. नुकत्याच जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला टोपडं आणि ऊब लागतेच. त्यांचं शहाणपण त्या घरासाठी अगदी बरोबर होतं. आता मात्र घर म्हणजे फ्लॅट, बंद खिडक्या, तीन महिन्यांचं धष्टपुष्ट पोर. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. “काकू, मानेखाली हात घालून बघा बरं.” त्यांनी हात घातला आणि लगेच सुनेकडे वळल्या, “अगं, ह्ये तर भिजलंय की! काढ ते स्वेटर.”

मग सौदे झाले. झोपवण्याआधी मान तपासायचं काम आजीकडे गेलं आणि त्यांनी सांगितलं की सुनेने रात्री पुन्हा उठायचं नाही, दूध पाजायला उठेल तेव्हाच हात लावायचा. कुंची बाहेर जाताना. खोलीतली शेगडी बंद, कारण बंद दारामागे कोळशाचा वायू कळायच्या आत जीव घेतो. बाळ कुशीवर वळायला बघू लागलं होतं, म्हणून गुंडाळणंही बंद. त्याआधीही पाय आत दुमडून मोकळे राहतील एवढंच सैल बांधायला हवं होतं, नाहीतर खुब्याचे सांधे बिघडू शकतात. झबल्याची सेफ्टी पिन गेली, टोपड्याचे लांब बंद गेले. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावरून मात्र बरीच ओढाताण झाली. दृष्टीचा प्रश्न होता. शेवटी आजीच म्हणाल्या, रात्री दोरा काढून देवापाशी ठेवते, सकाळी आंघोळ झाली की घालते.

सुनेने नंतर विचारलं, अंग तापलेलं वाटलं तर ते कपड्यांमुळे की ताप, हे कसं ओळखायचं? एक थर काढून थोड्या वेळाने थर्मामीटर लावायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. तिचं बाळ तोवर त्या वयापुढे गेलं होतं, तरी तिने हे आकडे कपाटाच्या दारावर चिकटवले, सासूबाईंना दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.